‘ज्यांना खर्च झेपत नाही...’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

घरी फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे संगणकावर विमान उडवण्याचा प्रोग्रॅम, सुरू करणाऱ्याने पहिले वर्षभर एकही विमान विकत घेऊ नये, सिम्युलेटरसोबत मिळणाऱ्या साध्या एका इंजिनाच्या विमानावरच हात बसवावा आणि पैसे घालायचेच असतील तर ते योक (विमानाचे हँडल) किंवा जॉयस्टिक आणि रडर पेडल (शेपटीवरचे सुकाणू पायांनी फिरवण्याची पेडल) यांवर घालावेत, असे मी मागील लेखात लिहिले होते. त्यावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. सोबत मिळणाऱ्या विमानांच्या यंत्रणा अर्धवट असतात आणि त्यांमुळे चुकीच्या सवयी लागतात, चांगली ॲड-ऑन, म्हणजे सिम्युलेटरला वेगळी जोडायची विमाने, विमानतळ वगैरे, तयार करणाऱ्यांच्या कष्टांची मला किंमत नाही, नेव्हिगेशन डेटाविषयी (हवाई मार्ग आणि विमानतळ यांच्या माहितीविषयी) मी चुकीचे लिहिले आहे आणि व्हीआर हेडसेटचा मी उल्लेखही केलेला नाही, असे आपले आक्षेप आहेत. या सगळ्याच्या शेवटी आपण एक वाक्य लिहिले आहे : ‘ज्यांना खर्च झेपत नाही, तेच साधेपणाचे गुण गातात.’

आधी माझी चूक. नेव्हिगेशन डेटा दरमहा बदलतो, असे मी लिहिले होते. आपण दाखवून दिल्याप्रमाणे हे चक्र 28 दिवसांचे असते, म्हणजे ते वर्षात साधारण 13 वेळा येते, 12 वेळा नव्हे. आपले म्हणणे बरोबर आहे आणि ते मी विनातक्रार मान्य करतो. त्या मुद्द्यावर आपण जितक्या नेमकेपणाने बोललात, तितक्याच नेमकेपणाने शेवटचे वाक्यही लिहिले असते, तर हे उत्तर चार ओळींत संपले असते.

ते वाक्य मी तीनदा वाचले. त्यात माझ्या मताविषयी एक शब्दही नाही. जे काही आहे ते माझ्या खिशाविषयी आहे, आणि माझा खिसा आपण पाहिलेला नाही. एखाद्याचे मत खोडून काढण्याऐवजी ते मत त्याच्या परिस्थितीतून आले आहे असे म्हटले की, मताला उत्तर देण्याची गरजच उरत नाही. हा मार्ग सोपा आहे, म्हणूनच मला तो मान्य नाही. शिवाय या छंदात खरोखरच बेताच्या पैशांत उड्डाण करणारी पुष्कळ माणसे आहेत. जुन्या संगणकावर, वाढदिवसाला मिळालेल्या जॉयस्टिकवर रोज संध्याकाळी तासभर उतरण्याचा सराव करणारी मुले आहेत. त्यांच्या वाचनात असे वाक्य आले तर त्यांना काय वाटेल, याचा विचार आपण केलेला दिसत नाही. मला लागलेला घाव मी सोसू शकतो; त्यांच्या बाबतीत मी इतका उदार होऊ शकत नाही.

आपण खर्चाचा विषय काढलाच आहे, तर माझा खर्च ऐका. सिम्युलेटर 32-बिटचे होते तेव्हापासून मी या छंदात आहे. त्या काळात मी दोन इंजिनांचे एक प्रवासी जेट विकत घेतले, ज्याची किंमत मूळ सिम्युलेटरपेक्षा जास्त होती. त्यापाठोपाठ दोन मोठ्या विमानतळांची सीनरी, ढगांचे टेक्स्चर, हवामानाचा एक स्वतंत्र प्रोग्रॅम आणि आवाजांचा एक संच घेतला. पहिल्या मोठ्या उड्डाणात चार तास सारे नीट चालले आणि धावपट्टी समोर दिसत असताना, चाके खाली घेतल्यावर, पडद्यावर मेमरी संपल्याचा संदेश येऊन सगळे बंद पडले. मी संगणकातली रॅम दुप्पट केली. पुन्हा तेच झाले. 32-बिट प्रोग्रॅमला जास्तीत जास्त 4 जीबी मेमरीच हाताळता येते, संगणकात कितीही रॅम बसवली तरी त्या मर्यादेत फरक पडत नाही, हे मला पैसे गेल्यानंतर कळले. विमानाच्या यंत्रणा, त्याचे कॉकपिट, विमानतळाच्या इमारती, ढग हे सगळे त्या एकाच जागेत कोंबले जात होते आणि उतरताना गंतव्य विमानतळाची सीनरी आत आली की ती जागा भरून जात होती. प्रत्येक ॲड-ऑन एकेकटे निर्दोष होते. एकत्र आल्यावर त्यांनी उड्डाण पूर्ण होऊ दिले नाही.

पुढे 64-बिटचे सिम्युलेटर आले आणि ही अडचण संपली. मात्र माझ्या जुन्या खरेदीपैकी जवळजवळ काहीच तिथे चालत नव्हते. तेच जेट, तेच विमानतळ मी नव्याने विकत घेतले. त्यानंतर सिम्युलेटर बदलले तेव्हा तिसऱ्यांदा. म्हणून खर्च झेपण्या-न झेपण्याविषयी मला कोणी ऐकवू नये. मी तो केला आहे, पावत्या जपून ठेवल्या आहेत, आणि माझे मत त्या खर्चानंतरचे आहे, त्याआधीचे नाही.

आता ज्या प्रसंगामुळे ते मत बनले तो सांगतो. त्या जेटची पुस्तिका काही शे पानांची होती आणि मी ती मन लावून वाचली होती. थंड, अंधाऱ्या कॉकपिटपासून इंजिने सुरू होईपर्यंतचा बटणांचा क्रम मला पाठ होता. छतावरच्या पॅनलवर कोणता दिवा केव्हा विझतो, हे मी डोळे मिटून सांगितले असते. एका रात्री उतरताना मी ऑटोपायलटचे अप्रोचचे बटण उशिरा दाबले, त्याने लोकलायझर (धावपट्टीची रेषा दाखवणारा रेडिओ संकेत) पकडला नाही आणि विमान धावपट्टीच्या रेषेच्या पलीकडे गेले. ऑटोपायलट सोडवून मी हाताने आयएलएस उडवण्याचा, म्हणजे रेडिओ संकेतांच्या आधारे धावपट्टीपर्यंत खाली येण्याचा, प्रयत्न केला. दिशा आणि उतार दाखवणाऱ्या दोन्ही सुया एकदाही मध्यावर राहिल्या नाहीत. वेग सांभाळायला गेलो की उंची जाई, उंचीकडे पाहावे तर दिशा सुटे. ज्या विमानाच्या प्रत्येक पंपाचे नाव मला ठाऊक होते, ते विमान मला उडवता येत नव्हते. त्या रात्री मला जी लाज वाटली ती अजून आठवते.

मी ते जेट बाजूला ठेवले आणि सोबत मिळालेल्या सेस्ना 172 वर आलो. सहा महिने दुसरे काही उडवले नाही. तीन अंशांच्या ग्लाइडस्लोपवर, म्हणजे धावपट्टीकडे उतरणाऱ्या तिरक्या मार्गावर, राहण्यासाठी जमिनीसापेक्ष वेगाच्या (नॉटमध्ये) साधारण पाचपट फूट दर मिनिटाला खाली यावे लागते, हा ठोकताळा मी तिथे शिकलो. हवेतला वेग 90 नॉट आणि वारा नसेल तर मिनिटाला सुमारे 450 फूट; समोरून 20 नॉटचा वारा असेल तर जमिनीसापेक्ष वेग 70 वर येतो आणि 350 फूटच पुरतात, आणि हे न ओळखता 450 फुटांनीच खाली येत राहिलो तर ग्लाइडस्लोपच्या खाली जातो. हे पुस्तकात वाचले होते. हाताला कळायला सहा महिने लागले. ट्रिम हे विमान वळवण्याचे साधन नसून हातावरचा जोर काढून टाकण्याचे साधन आहे, हेही तिथेच कळले. यांपैकी कशासाठीही मला काही विकत घ्यावे लागले नाही. रडर पेडल मात्र घ्यावी लागली, आणि आयुष्यात या छंदावर केलेला तो सर्वांत सार्थकी लागलेला खर्च आहे.

वास्तवता म्हणजे पडद्यावर जे दिसते ते, असे आपण धरून चालला आहात, आणि आपल्या-माझ्यातला खरा मतभेद इथे आहे. एडविन लिंक यांनी 1929 च्या सुमारास जे प्रशिक्षण यंत्र बनवले, त्याच्या हालचाली हवेच्या भात्यांवर होत. ऑर्गन बनवणाऱ्या घराण्यातून त्यांना ते तंत्र अवगत होते. उपकरणांवर उडायला शिकणाऱ्याला त्यात झाकण लावून बसवत, बाहेरचे काही दिसतच नसे. 1934 मध्ये अमेरिकेच्या लष्कराकडे हवाई टपालाचे काम आले, खराब हवेत अनेक वैमानिक दगावले, आणि त्यानंतर लष्कराने ही यंत्रे घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो जण त्यावर शिकले. त्या यंत्रात ना ढग होते, ना विमानतळाच्या काचेत पडणारे प्रतिबिंब. तरी ज्या कामासाठी ते होते, त्या कामापुरते ते पूर्ण वास्तव होते.

आजचेही उदाहरण देतो. अमेरिकेत एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेने मान्य केलेल्या प्राथमिक दर्जाच्या प्रशिक्षण उपकरणावर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी (फक्त उपकरणे पाहून उडण्याच्या पात्रतेसाठी) 10 तासांपर्यंत आणि प्रगत दर्जाच्या उपकरणावर 20 तासांपर्यंत अनुभव धरला जातो. या उपकरणांच्या निकषांत विमान उडवण्यासाठी कीबोर्ड, माउस किंवा खेळाची जॉयस्टिक चालत नाही, हे स्पष्ट लिहिलेले आहे. आसन हलण्याची सक्ती मात्र नाही. हात आणि पाय कशावर आहेत, याला नियम करणाऱ्यांनी इतके महत्त्व दिले आहे. मी लेखात नेमके हेच सांगितले होते, आणि आपण ते वाक्य ओलांडून पुढे गेलात.

आपण असेही लिहिले आहे की, पुरेसे पैसे घातले तर घरचे सिम्युलेटर ‘खऱ्याच्या जवळपास शंभर टक्के’ जाते. हे मला मान्य नाही. विमान कंपन्यांची सहा अक्षांवर हलणारी, प्रचंड किमतीची सिम्युलेटरसुद्धा दीर्घकाळ पूर्ण स्टॉलच्या (पंखांची उचल तुटण्याच्या) बाबतीत विश्वासार्ह नव्हती, कारण तिथे वापरलेली वायुगतिकीची माहिती स्टॉलच्या सुरुवातीपर्यंतच तपासून घेतलेली असे. 2009 मधील मोठ्या अपघातांनंतर या उणिवेवर गांभीर्याने विचार झाला आणि 2016 मध्ये एफएएने पूर्ण स्टॉलचे प्रशिक्षण देणाऱ्या सिम्युलेटरांसाठी वेगळ्या कसोट्या ठरवल्या. तिथेच हे असे, तर आपल्या टेबलावरच्या यंत्राविषयी टक्केवारी सांगण्याचे धाडस मी करणार नाही. आपण ते केले आहे.

चुकीच्या सवयींविषयी आपण म्हणता त्यात एक बाजू खरी आहे. सोबत मिळणाऱ्या प्रवासी जेटमध्ये एफएमसीची (उड्डाणाचा मार्ग सांभाळणाऱ्या संगणकाची) पाने अपुरी असतात, उतरण्याचा आलेख तो नीट धरत नाही, हे मीही पाहिले आहे. पण मी नवशिक्याला ते जेट उडवायला सांगितलेच नव्हते. लेखात ‘एका इंजिनाचे साधे विमान’ असे शब्द आहेत. आणि सवयींबद्दल बोलायचे तर महागड्या जेटवर लागणाऱ्या सवयी मी रोज पाहतो. खऱ्या विमानात जडत्वावर चालणारी दिशादर्शक यंत्रणा जुळायला सुमारे 10 मिनिटे लागतात. ॲड-ऑनमध्ये ती काही सेकंदांत जुळवण्याचा पर्याय असतो आणि बहुतेक जण तोच निवडतात. समुद्रावर चारपट वेगाने काळ पुढे ढकलतात. त्यांत मला काही गैर वाटत नाही, माणसाला वेळ कमी असतो. परंतु तेच लोक जेव्हा साध्या विमानाला खेळणे म्हणतात, तेव्हा मला राग येतो.

सर्वांत घातक सवय तर फुकट लागते आणि फुकटच सोडता येते. रडर आपोआप सांभाळण्याचा पर्याय सेटिंगमध्ये चालू राहिलेला असतो. पंख्याचे विमान पूर्ण शक्तीवर चढताना नाक डावीकडे ओढते, स्लिप (विमानाचे बाजूला घसरणे) दाखवणारा बॉल उजवीकडे सरकतो आणि उजवे पेडल दाबून त्याला मध्यावर आणावे लागते. तो पर्याय चालू असेल तर हे कधी कळतच नाही. क्रॉसविंडमध्ये, म्हणजे बाजूच्या वाऱ्यात, उतरण्याची सारी विद्या या एका गोष्टीवर उभी आहे. आपल्या लांबलचक प्रतिक्रियेत सवयींचा उल्लेख पाच वेळा आहे, रडरचा एकदाही नाही.

ॲड-ऑन बनवणाऱ्यांच्या कष्टांविषयी मला आदर आहे आणि त्याविरुद्ध मी एक अक्षरही लिहिलेले नाही, म्हणून त्या मुद्द्याला उत्तर देण्यासारखे काही नाही. ‘फुकट ते अर्धवट’ या आपल्या शब्दांबद्दल मात्र इतकेच म्हणतो की, फ्लायबायवायर या गटाचे ए-320 निओ हे प्रवासी जेट स्वयंसेवकांनी मुक्त स्रोत म्हणून तयार केले आणि ते आजही मोफत मिळते. फ्लाइटगिअर हे सिम्युलेटर तर 1990 च्या दशकापासून मोफत आहे. या लोकांच्या रात्रींचे मोल आपल्या हिशेबात कुठे आहे? व्हीआर हेडसेटविषयी मी लिहिले नाही कारण तो त्या लेखाचा विषय नव्हता.

आपण स्वतः काय आणि किती विकत घेतले आहे, याची यादी आपण दिली आहे. ती मी वाचली. त्या यादीत पेडल नाहीत. यावरून आपल्याविषयी काही अनुमान काढण्याचा मला अधिकार नाही आणि मी ते काढतही नाही. माझ्याविषयी अनुमान काढताना आपणही तेवढा संयम ठेवायला हवा होता, एवढीच माझी तक्रार आहे. आपल्याला माझे मत पटले नाही तर आपण ते जरूर खोडावे. एक साधे विमान घ्यावे, समोरून वीस आणि बाजूने दहा नॉटचा वारा लावावा, ऑटोपायलटला हात न लावता दहा वेळा आयएलएस उडवावा, आणि मग पहिले वर्ष त्यावर घालवणे व्यर्थ आहे असे वाटले तर तसे मुद्देसूद लिहावे. त्या लेखनाला मी याहून मोठे आणि याहून शांत उत्तर देईन.

मूळ लेखातील ‘दरमहा’ हा शब्द काढून तिथे ‘दर 28 दिवसांनी’ अशी दुरुस्ती मी आज सकाळी केली आहे. पहिले वर्षभर एकही विमान विकत घेऊ नये, हे वाक्य तसेच ठेवले आहे.