डेटा ऐरोलीत, टायपिंग वागळे इस्टेटात

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गणपतीनंतर पुन्हा तोच वाद पेटला: भारतीयांचा डेटा भारतातच राहायला हवा की नको. धाकट्या काकांनी ऐरोलीतल्या एका डेटा सेंटरचा फोटो टाकला, खाली तिरंगा. मी स्टुटगार्टला राहतो, म्हणजे माझं मत काय असणार हे सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलेलं. "तू तर म्हणणारच!"

मी गप्प राहिलो. डोक्यात ऐरोली नव्हतीच, दादाचा गाळा होता. दादा म्हणजे मामेभाऊ, ठाण्याच्या वागळे इस्टेटात व्हॉल्व्हचे पितळी पार्ट बनवतो. सुट्टीत डोकावलो तेव्हा अकाउंट्सच्या मॅडम एका स्क्रीनवर पीडीएफ आणि दुसऱ्यावर टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर उघडून जुनी बिलं एकेक करून टाइप करत होत्या. अकरा वर्षं वापरलेलं बिलिंग सॉफ्टवेअर दादा सोडतोय. ते करून देणारा इथलाच, मराठी माणूस, सर्व्हरही महापेला. डेटा मागितल्यावर आधी "चार्जेस पडतील" म्हणाला, मग महिनाभर फोन उचलला नाही, शेवटी पीडीएफचा गठ्ठा धाडला.

"निदान एक्सेल तरी मागायचं."

"दिलं होतं ना सर," मॅडम म्हणाल्या. "पार्टीचं नाव, बिल नंबर, तारीख, सगळं एकाच खान्यात. आणि हे खाते नंबर बघा."

खाते नंबरांच्या जागी १.२३ई+१५ असली काहीतरी भुताटकी. एक्सेलला तो बेरीज-वजाबाकीचा आकडा वाटतो, खात्याचा नंबर वाटत नाही. पंधरा अंकांपुढचं सगळं ते शून्य करून टाकतं आणि सुरुवातीची शून्यं गिळतं. वर टॅलीत पार्टी नावावरून ओळखली जाते. जुन्या बिलात 'इंजि.' आणि टॅलीत 'इंजिनिअरिंग' असलं की इम्पोर्ट अडतो. म्हणून टायपिंग.

डेटा स्वदेशी, सर्व्हर स्वदेशी, रिक्षाने जाता येईल इतका जवळ. तरी दादाचा हिशोब दादाच्या हातात नाही. आमच्या ग्रुपवरचा वाद इथे मला थोडा पोकळ वाटतो. बँका आणि सरकारी यंत्रणांसाठी तो महत्त्वाचा आहे, नाही असं नाही. पण गाळेवाल्याचा प्रश्न डेटा कुठे ठेवलाय हा नाही, तो बाहेर कसा काढायचा हा आहे.

जर्मनीत सगळं आलबेल आहे असं समजू नका. दादाला ५ कोटींच्या वरच्या उलाढालीमुळे ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस, म्हणजे ठरलेल्या साच्यातलं इलेक्ट्रॉनिक बिल, करावं लागतं. मोठ्या कंपन्यांना तर ते ऑक्टोबर २०२० पासूनच आहे. जर्मनीत कंपन्यांना एकमेकांची तशी बिलं निदान स्वीकारता आली पाहिजेत, हा नियमच १ जानेवारी २०२५ ला आला. पाठवण्याची सक्ती २०२७ आणि २०२८ मध्ये टप्प्याटप्प्याने. हे ग्रुपवर सांगितलं तेव्हा काकांनी तीन फटाके पाठवले.

माझं स्वतःचं पितळही जर्मनीतच उघडं पडलं. एका भारतीय पुरवठादाराची दरांची फाइल मी सिस्टिममध्ये चढवली. जर्मन सेटिंगमध्ये स्वल्पविराम म्हणजे दशांश चिन्ह. १,२५० रुपयांचा पार्ट सव्वा रुपयाला झाला आणि दुपारपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. डेटा हलवण्याच्या कामाचा मी पगार घेतो, हे इथे नमूद करून ठेवतो.

तरी एक गोष्ट तिथली मला हवीशी वाटते. तिथल्या करसल्लागारांची १९६६ पासूनची एक सहकारी संस्था आहे, डाटेव्ह नावाची. सल्लागार त्यांच्या फॉरमॅटमध्येच हिशोब मागतात, म्हणून बिलिंगचं साधं सॉफ्टवेअर विकणाराही त्या फॉरमॅटचं एक्स्पोर्ट देतो. न दिलं तर माल खपत नाही. आता कायदाही आलाय: सप्टेंबर २०२५ पासून युरोपात क्लाउड (दुसऱ्याच्या सर्व्हरवर चालणारी) सेवा सोडणाऱ्या ग्राहकाला डेटा नेऊ द्यावाच लागतो आणि १२ जानेवारी २०२७ पासून सोडण्याचे पैसेही घेता येणार नाहीत. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात असं नेण्याचा हक्क नाही, आणि तो कायदा मुळात व्यक्तींच्या माहितीपुरता आहे, दादाच्या बिलांना त्याचा काय उपयोग?

पण फॉरमॅट लादणं आपल्याला जमत नाही असं कोण म्हणेल? ई-इन्व्हॉइससाठी सरकारने एकच साचा ठरवला आणि देशभरातली सॉफ्टवेअरं निमूट तो बोलायला लागली. कर वसूल करायचा होता तेव्हा हे झालं. हिशोबाच्या वह्या सॉफ्टवेअरमधून बाहेर काढायला तसाच साचा आपल्या सीए मंडळींनी हट्टाने मागितला तर कायद्याची वाट बघावी लागणार नाही. आमचे सीए मात्र अजून "पेनड्राइव्ह पाठवा" म्हणतात.

मी निघायच्या आदल्या दिवशी नव्या सॉफ्टवेअरचा सेल्समन डेमोला आला. दादाने पहिलंच विचारलं, "सगळा डेटा बाहेर कसा काढायचा ते दाखव."

"सर, अजून घेतलं नाही, आणि सोडायचं विचारताय?"

"गाळा घेताना लोडिंगचा दरवाजा बघतोच ना मी."

पोराने कसाबसा एक्स्पोर्ट काढला. मॅडमनी चष्मा चढवला, बाकी काही न बघता खाते नंबरांच्या खान्यावर गेल्या आणि सुरुवातीची शून्यं बोटाने मोजायला लागल्या.