पाचशेचा स्टॅम्प, नेटवरचा नमुना आणि नोकरीचा करार

नागपूरजवळच्या हिंगणा-बुटीबोरीकडच्या छोट्या उद्योजकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचा आशय असा: ‘नोकरीच्या करारासाठी वकिलाला पैसे कशाला द्यायचे? नेटवरून नमुना घ्या, नावं बदला, पाचशेच्या स्टॅम्पवर छापा, नोटरी करा. सही झाली की माणूस बांधला गेला. दोन वर्षं दुसऱ्या कंपनीत जाणार नाही आणि मधेच सोडलं तर दोन लाख भरेल, एवढं लिहिलं की झालं. वकील हवाच असेल तर ओळखीतला कुणीही चालतो.’ हा सल्ला ऐकणाऱ्या मालकाचंही नुकसान होतं आणि सही करणाऱ्या माणसाचंही. म्हणून एकेक दावा तपासून पाहू.

‘पाचशेचा स्टॅम्प आणि नोटरी झाली की करार पक्का.’ ऑक्टोबर 2024 पासून महाराष्ट्रात किरकोळ करारांचं मुद्रांक शुल्क 100 वरून 500 रुपये झालं, तिथून हा आकडा लोकांच्या तोंडी बसला. पण स्टॅम्प म्हणजे सरकारला भरलेलं शुल्क, आणि नोटरी पाहतो ती सही कुणी केली एवढंच. आतली अट कायद्यात बसते का, हे दोघांपैकी कुणीच तपासत नाही. बेकायदा अट स्टॅम्पवर लिहिली तरी बेकायदाच राहते.

‘सही केली म्हणजे दोन वर्षं दुसरीकडे जाता येणार नाही.’ भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 27 सरळ सांगतं की कुणालाही कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. नोकरी चालू असताना दुसरीकडे काम न करण्याची अट टिकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1967 च्या गोलिकरी प्रकरणात मान्य केलं. नोकरी संपल्यानंतरची बंदी मात्र टिकत नाही. मालकाला खरी काळजी असते ती ग्राहकांची यादी, दर आणि ड्रॉइंग बाहेर जाण्याची. त्यासाठी गोपनीयतेचं कलम लागतं, आणि त्यात कोणती माहिती गोपनीय हे नाव घेऊन लिहावं लागतं. ‘कंपनीची सर्व माहिती’ असं मोघम लिहिलं की नेमकं काय फुटलं हे सिद्ध करताना दमछाक होते.

‘दोन लाखांचा बाँड घाला.’ या दाव्यात अर्धं सत्य आहे, म्हणून तो जास्त फसवा. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांची अट आणि दोन लाखांची रक्कम कायम ठेवली, हे खरं. पण तिथे सरकारी बँकेला जाहिरातीपासून नव्याने करावी लागणारी भरती आणि त्या अधिकाऱ्याचा पगार यांचा विचार झाला होता. तोच आकडा पंधरा हजार पगाराच्या ऑपरेटरला लावला तर त्याच करार कायद्याचं कलम 74 आडवं येतं: करारात कितीही रक्कम लिहा, मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेला आकडा ही फक्त कमाल मर्यादा. म्हणून बाँड घालायचाच तर सोबत खर्चाचं परिशिष्ट जोडा. समजा प्रशिक्षकाची फी, प्रवास आणि राहणं मिळून 60,000 खर्च झाला आणि मुदत 12 महिन्यांची ठरली, तर दर महिन्याला 5,000 ने रक्कम उतरत जाईल असं लिहा. बिलं फाइलला ठेवा. असा बाँड वाजवी ठरण्याची शक्यता कितीतरी जास्त.

‘नेटवरचा नमुना पुरतो.’ सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात. नमुना बंगळुरूच्या कंपनीचा असतो आणि शेवटी ‘फक्त बंगळुरू न्यायालय’ ही ओळ तशीच राहते. नागपुरात नेमणूक, नागपुरात काम, नागपुरात पगार असेल, तर ज्या न्यायालयाला मुळात अधिकार नाही त्याला तो करारातून देता येत नाही. वादाचे पहिले काही महिने मग एवढ्या एका ओळीवरच जातात. दुसरी ओळ, ‘लवाद (म्हणजे कोर्टाबाहेर वादाचा निवाडा करणारा) कंपनीचे संचालक नेमतील.’ एका पक्षाने एकट्याने लवाद नेमण्याची ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या 2019 आणि 2024 च्या निकालांनंतर टिकत नाही.

त्याहून महाग पडते ती पगाराची फोड. 21 नोव्हेंबर 2025 पासून चारही कामगार संहिता, म्हणजे जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेले चार कायदे, लागू झाल्या. घरभाडे, वाहतूक वगैरे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. जुन्या नमुन्यात 30,000 पैकी मूळ पगार 9,000 आणि असे भत्ते 21,000 असतील, तर 15,000 वरचे 6,000 वेतनात येतात आणि वेतन 15,000 धरलं जातं. ग्रॅच्युइटी 15/26 च्या सूत्राने (26 दिवसांचा महिना धरून 15 दिवसांचं वेतन) वर्षाला 5,192 ऐवजी 8,654 रुपये बसते. ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्याला तर ती एका वर्षानंतरच लागू होते. नोकरी सुटल्यावर राहिलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असतं, आणि जुने नमुने अजून ‘45 दिवसांत हिशेब’ म्हणतात.

परसोडीच्या आयटी पार्कातल्या किंवा मिहानमधल्या कंपन्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. पगारी कर्मचाऱ्याने कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा कॉपीराइट सहसा मालकाचा. फ्रीलान्सरच्या कोडचा तसा नसतो, तो सहीनिशी लेखी हस्तांतरित करून घ्यावा लागतो. मुदत लिहिली नाही तर कायदा पाचच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत.

‘ओळखीतला कुणीही वकील चालतो.’ फेरफार आणि खरेदीखतात मुरलेला वकील आपल्या कामात उत्तमच असतो, पण ‘कामगार’ कोण ठरतो हा प्रश्न त्याच्यासमोर रोज येत नाही. पदाला ‘मॅनेजर’ नाव दिल्याने माणूस कामगार कायद्याबाहेर जात नाही. तो प्रत्यक्षात काय काम करतो हे पाहिलं जातं. कामगार ठरला आणि एक वर्ष सलग नोकरी झाली असेल, तर कामावरून कमी करताना महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे 15 दिवसांचं सरासरी वेतन लागतंच, करारात काहीही लिहिलेलं असो.

म्हणून सिव्हिल लाईन्सच्या कामगार आणि औद्योगिक न्यायालयात नियमित उभा राहणारा वकील शोधा. महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलची सनद आहे का, ते क्रमांकासकट विचारा. यात संकोच नको. कायद्याचा व्यवसाय सनदधारक वकिलाचाच, आणि त्यात मसुदे-सल्ल्याचं कामही येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे. पगाराची फोड सीएने तपासावी, अटींची भाषा वकिलाने लिहावी. पहिल्या भेटीत दोनच प्रश्न विचारा: नव्या संहितांनंतर तुम्ही मसुद्यात काय बदललं? आणि आमच्या कोणत्या अटी टिकणार नाहीत? दुसऱ्या प्रश्नावर ‘सगळ्या टिकतील’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे जा.

जाताना एक कागद तयार ठेवा: एकूण माणसं किती, प्रत्येक पदाचं रोजचं काम, पाळ्या, पगाराची फोड, कुणाच्या हाती कोणती गोपनीय माहिती. दहा किंवा जास्त माणसं असली की ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) आणि लैंगिक छळविरोधी अंतर्गत समिती, वीस किंवा जास्त असली की पीएफ लागू होतो, म्हणून संख्या नेमकी सांगा. फी आणि त्यात किती दुरुस्त्या धरल्या आहेत हे आधी लेखी ठरवा. मराठी प्रतही मागा, आणि इंग्रजी-मराठी प्रतींत फरक पडला तर कोणती ग्राह्य, हे करारातच लिहून घ्या. सही रुजू होण्याच्या दिवशी गडबडीत नको. निदान दोन दिवस आधी प्रत माणसाच्या हाती द्या, आणि त्याची सही असलेली एक प्रत त्याच्याकडेच राहू द्या.