मेकॉलेने न केलेले भाषण

‘मी भारतभर हिंडलो, एकही भिकारी किंवा चोर दिसला नाही, या देशाचा सांस्कृतिक कणा मोडल्याशिवाय तो आपल्याला जिंकता येणार नाही, म्हणून त्याची जुनी शिक्षणपद्धती बदलू या,’ असे लॉर्ड मेकॉलेने २ फेब्रुवारी १८३५ रोजी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये सांगितले, हा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे.

तारीख खरी आहे, बाकी काही नाही. त्या दिवशी मेकॉले कलकत्त्यात होता आणि त्याने लिहिले ते गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलचा सदस्य या नात्याने केलेले टिपण होते. (तो ‘लॉर्ड’सुद्धा १८५७ मध्ये झाला.)

भारतभर हिंडण्याचे म्हणाल, तर जून १८३४ मध्ये मद्रासला उतरून तो गव्हर्नर जनरल बेंटिंकला भेटायला पालखीतून उटीला गेला आणि तिथून पुढे कलकत्त्याला. ज्याला एकही चोर दिसला नाही म्हणतात, त्याच गृहस्थाच्या अध्यक्षतेखाली विधी आयोगाने १८३७ मध्ये चोरी-दरोड्याच्या शिक्षांसह दंडसंहितेचा मसुदा तयार केला. देश जिंकायचा राहिला होता म्हणावे, तर पेशवाई १८१८ मध्येच बुडाली होती.

मूळ टिपणाचा विषय पैशांचा होता: १८१३ च्या सनदी कायद्याने शिक्षणासाठी ठेवलेले वर्षाचे लाखभर रुपये संस्कृत-अरबीवर खर्चायचे की इंग्रजीवर? या दोन्ही भाषा आपल्याला येत नाहीत, अशी कबुली देऊनही, चांगल्या युरोपीय ग्रंथालयाचे एक फडताळ भारत आणि अरबस्तानच्या साऱ्या वाङ्मयाच्या तोडीचे आहे, असे त्याने बेधडक लिहिले. म्हणजे त्याने केली निंदा आणि आपण त्याच्या तोंडी घातली स्तुती. ज्याला शिव्या द्यायच्या, त्याच्याच सहीचे प्रशस्तिपत्र आपल्याला का हवे असते, हे मला कोडेच आहे.

राहिला शिक्षणपद्धतीचा मुद्दा. इंग्रजी वळणाचा दुभाषी वर्ग घडवायचा हा त्याचा हेतू लपवलेला नव्हता. सर्वांना शिकवणे आपल्या साधनांत बसत नाही, हेही त्याने त्याच टिपणात लिहिले आहे. पण मुंबई इलाख्यात हे मुकाट्याने मान्य झाले नाही. १८४० च्या दशकात शिक्षण मंडळात त्याचे अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीचा आग्रह धरत असताना जगन्नाथ शंकरशेट मराठी माध्यमासाठी भांडले. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे निराळीच तक्रार मांडली: महसूल रयतेच्या घामाचा आणि त्यातून शिकतात ती वरच्या वर्गाची मुले. त्यांची मागणी जुन्या पाठशाळांची नव्हती, खेडोपाडी प्राथमिक शाळांची होती.