‘आत शेवटी लूपच ना?’ : ऐरोलीहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची हरकत थोडक्यात अशी: फोरट्रान या प्रोग्रामिंग भाषेतलं ‘अ = ब + क * ड’ (चारही अ‍ॅरे, म्हणजे संख्यांच्या रांगा) कंपायलर, म्हणजे कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, शेवटी लूपमध्येच (एकेका घटकावर तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या कोडमध्ये) उतरवतो, मग त्याआधीच्या ट्रीवर, म्हणजे वाक्याची रचना जपणाऱ्या झाडासारख्या मांडणीवर, मी एवढं लिहायचं कशाला? शिवाय टेम्पररी, म्हणजे मधल्या उत्तरांसाठीच्या तात्पुरत्या अ‍ॅरे, बनतातच, तेव्हा लूप हातानेच लिहावा. पहिलं मला मान्य नाही, दुसरं अर्धं मान्य आहे.

लूपला क्रम असतो, अ‍ॅरेच्या वाक्याला नसतो. उजवी बाजू पूर्ण मोजून मगच डावीकडे लिहिली, असाच परिणाम दिसला पाहिजे, हा भाषेचा नियम आहे. ‘अ(२:५) = अ(१:४)’ घ्या, म्हणजे ‘अ’चे १ ते ४ हे घटक २ ते ५ या जागी लिहायचे. ‘अ’मध्ये १०, २०, ३०, ४०, ५०. साधा पुढे जाणारा लूप चालवलात तर सगळीकडे १० उरतात. बरोबर उत्तर १०, १०, २०, ३०, ४०. तुमच्याच ट्रान्सहार्बर लोकल मार्गावर बघा: ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे अशा उभ्या गाड्या एकेक स्टेशन पुढे न्यायच्या, तर आधी कोपरखैरण्याची तुर्भ्याला सोडावी लागते. लूप उलटा चालवता येईल हे जीफोरट्रान हा फोरट्रान कंपायलर ओळखू शकतो, पण कधी? ट्रीमध्ये दोन्ही बाजूंचे तुकडे, त्यांची सुरुवात, शेवट आणि पायरी शाबूत असतील तरच. सरसकट लूप करून टाकल्यावर ही माहिती पुन्हा खणून काढावी लागते.

एलएलव्हीएम या कंपायलर-प्रकल्पाच्या फ्लँग नावाच्या फोरट्रान कंपायलरमध्ये म्हणूनच ‘एलिमेंटल’ नावाची क्रिया आहे. तिच्यात आकार आणि एका घटकाचं गणित एवढंच असतं, मेमरी नसते. ‘क * ड’ची एलिमेंटल एकदाच वापरली जात असेल तर ती बेरजेच्या आतच मुरते आणि एकच लूप निघतो. तसं केलं नाही तर २० लाख घटकांच्या, ८ बाइटी अ‍ॅरेसाठी नुसत्या गुणाकारालाच १.६ कोटी बाइट लागले असते.

आता तुमचा अर्धा मुद्दा. ‘अ(यादी) = अ(१:४)’ असं असेल आणि ‘यादी’ (घटकांच्या क्रमांकांची) प्रोग्राम रन होताना ठरत असेल, तर कंपायलरला काहीच सिद्ध करता येत नाही; टेम्पररी बनते. पॉइंटर असलेल्या (दुसऱ्या डेटाच्या जागेकडे बोट दाखवणाऱ्या) अ‍ॅरेंचंही तेच. इंटेलचा फोरट्रान कंपायलर अशा टेम्पररी मुळात स्टॅकवर (प्रोग्रामच्या मर्यादित, कामापुरत्या मेमरीत) ठेवतो, आणि लिनक्सवर स्टॅकची मर्यादा बहुधा ८ एमबी असते. वरच्या मापाची टेम्पररी तिथे मावत नाही, प्रोग्राम सेगमेंटेशन फॉल्टने (मेमरीतल्या नसलेल्या जागेला हात लावल्याच्या चुकीने) पडतो आणि दोष कोडच्या माथी जातो. त्यावर टेम्पररी स्टॅकऐवजी हीपवर, म्हणजे मोठ्या मोकळ्या मेमरीत, ठेवणारा हीप-अ‍ॅरेजचा पर्याय आहे.

पण म्हणून सगळं हाताने लिहू नका. जीफोरट्रानची अ‍ॅरे-टेम्पररीजची वॉर्निंग चालू करा. टेम्पररी कुठे बनली ते ओळीसकट कळतं. तेवढ्याच ओळी बदला. आणि डावीकडचा ‘अ’ अ‍ॅलोकेटेबल (रन होताना जागा मिळणारा) असून आकार बदलणार नसेल तर ‘अ(:)’ लिहा, म्हणजे आकार जुळतो का आणि नव्याने जागा घ्यायची का, ही दर वेळची तपासणी वाचते.