अर्धा ब्रश आणि दोन किलो कुंदा

शहापुरातल्या आमच्या ओळखीच्या सराफानं दाताचा ब्रश चिमट्यानं उचलून काट्यावर ठेवला, काचेचं झाकण लावलं आणि चष्मा कपाळावर सरकवून आकडा वाचला. "सतरा ग्रॅम तीनशे वीस."

"आता हा," मी दुसरा ब्रश दिला. दांडा हॅक्सॉ ब्लेडनं अर्ध्यावर कापलेला.

"नऊ ग्रॅम शंभर." मग माझ्याकडं बघून, अगदी धंद्याच्या आवाजात, "घट धरायची काय?"

दुकानात मंगळसूत्र बघायला आलेल्या दोन बायका होत्या. त्या हळूच एक खुर्ची सोडून बसल्या. मी मात्र खुशीत होतो. आठ ग्रॅम वाचले होते. आधी मी गल्लीतल्या किराणा दुकानात गेलो होतो, पण त्याच्या काट्याला ब्रश ठेवलेला कळतच नव्हता. तिथं गुळाच्या ढेपा मोजतात.

हे सगळं बाइकपॅकिंगसाठी चाललं होतं. बेळगावात हा शब्द उच्चारला की समोरचा पहिल्यांदा मायलेज विचारतो. इथं बाइक म्हणजे मोटारसायकल. सायकल म्हणजे सायकल, आणि ती शाळकरी पोरांनी नाहीतर पेपर टाकणाऱ्यांनी चालवायची. तर बाइकपॅकिंग म्हणजे सायकलला कॅरिअर न लावता तिच्या अंगाखांद्यावर पिशव्या आवळून आडवाटेनं लांब जायचं. हँडलला एक वळकटी, मधल्या त्रिकोणात एक चपटी बॅग आणि सीटखाली एक लांबोळकी. ही तिसरी पहिल्यांदा बघितल्यावर आई म्हणाली, "दुधी भोपळा लोंबल्यागत दिसतंय की रे."

वाळवंटच का, हा प्रश्न फक्त पाऊस न बघितलेला माणूस विचारेल. आमच्याकडं जून ते सप्टेंबर मोजे वाळत नाहीत. टिळकवाडीतल्या घरात गॅसच्या शेगडीवर बनियन धरून वाळवताना मी अ‍ॅरिझोना ट्रेलबद्दल वाचत होतो. मेक्सिकोच्या हद्दीपासून युटापर्यंत, १,३०० किलोमीटरच्या आसपासची वाट. वाटेत ग्रँड कॅन्यन लागते, आणि त्या दरीत खाली सायकल चालवायला बंदी आहे, ढकलायलाही बंदी. चाक जमिनीला टेकता कामा नये. म्हणून ही मंडळी सायकल खोलून पाठीवर बांधतात आणि दरी उतरून पलीकडं चढतात. मी हे मोठ्या कौतुकानं बायकोला सांगितलं. ती कणीक मळत होती. "म्हणजे तिथं सायकल माणसावर बसते," एवढंच म्हणाली.

अ‍ॅरिझोना काय आपल्या बापजन्मात होत नाही. पण थर आहे की! बेंगळूरहून जोधपूरला जाणारी गाडी आपल्या बेळगाव स्टेशनवर थांबते. पुढं जैसलमेर. तिथून खुरी, समची वाळू, रामगड, लोंगेवाला आणि शेवटी तनोटची देवी. डिसेंबरात दिवसा २५ अंशांच्या आसपास, रात्री दहाच्याही खाली. मी नकाशा भिंतीवर चिकटवला. बायकोनं बोट ठेवून विचारलं, "ही जाड रेघ कसली?"

"डांबरी रस्ता. तनोटपर्यंत एकदम गुळगुळीत आहे म्हणे."

"आणि तुम्ही?"

"मी शेजारच्या वाळूतून जाणार."

यावर ती काहीच बोलली नाही. लग्नाला १७ वर्षं झाली की न बोललेलंही स्वच्छ ऐकू येतं.

सायकलची किंमत मी घरात अठरा हजार सांगितली होती. खरा आकडा मी, दुकानदार आणि बँक अशा तिघांतच होता.

खरं दुखणं पाण्याचं. तंबू हलका मिळतो, झोपायची पिशवी हलकी मिळते, पैसे मोजले तर पातेलंसुद्धा टायटॅनियमचं मिळतं. पण एक लिटर पाणी एक किलोच भरतं, ते हलकं करायची विद्या अजून कुठल्या कंपनीनं काढलेली नाही. दोन गावांच्या मध्ये ५०-६० किलोमीटर, त्यात वाळू आली की सायकल ढकलायची, म्हणजे चालत्या माणसाचा वेग. मी दिवसाला आठ लिटर धरले. आठ किलो! सराफाकडं वाचवलेले आठ ग्रॅम म्हणजे दीड चमचा पाणी झालं. हा हिशेब मी वहीत लिहिला आणि मग ते पान फाडलं.

दुसरं दुखणं काट्यांचं. तिकडं ज्याला गोखरू म्हणतात ते म्हणजे आपले सराटे. अथणी-रायबागकडच्या माळावर अनवाणी गेलेल्याला वेगळं सांगायला नको. सराटा कसाही पडला तरी त्याचं एक टोक आभाळाकडंच असतं. देवानं हे काय योजून केलं असेल, तर टायरसाठीच. त्यावर उपाय म्हणजे ट्यूब काढून टाकायची आणि टायरमध्ये सीलंट नावाचं दुधासारखं रबरी पाणी ओतायचं. काटा घुसला की ते भोकातून बाहेर येतं आणि तिथंच गोठून भोक बंद करतं. मात्र टायर रिमला बसवायला एका दमात हवेचा जोरदार झोत लागतो. घरचा पंप मारून मारून माझा खांदा गेला. टायर सुस्कारा टाकी आणि पुन्हा आडवा होई. शेवटी सायकल रेल्वे गेटजवळच्या पंक्चरवाल्याकडं नेली.

"पंक्चर हाय काय?"

"नाही. ट्यूबच नाही."

त्यानं टायर दाबून बघितला, मग मला बघितलं. "ट्यूब न्हाई तर मग मी काढू काय सायेब?"

त्यातून वॉल्व बारीक, परदेशी पद्धतीचा. त्याच्या कॉम्प्रेसरचं तोंड त्याला बसेना. मधली पितळी टोपी मी घरी विसरून आलो होतो, ती आणायला गेलो आणि परत येईतो तिथं सात-आठ माणसं जमली होती. मी सीलंटची बाटली हलवून ओतली. "ह्ये ताक कशाला वततासा?" एकानं विचारलं. तेवढ्यात कॉम्प्रेसर सुरू झाला, टायर फुगला आणि 'ठाप! ठाप!' करून रिमवर बसला. माणसं चार पावलं मागं. एका बाजूनं बारीक पिचकारी उडाली ती थेट शेजारच्या चहाच्या गाड्यावर. चहावाल्याचं काही फार बिघडलं नाही, पण त्यानं त्या दिवशी मला कट चहासुद्धा दिला नाही.

मग सराव. बेळगावात चिखल मागाल तेवढा मिळतो, कोरडी वाळू कुठं हुडकायची? मलप्रभेच्या पात्रात! नोव्हेंबरातल्या एका रविवारी सगळं सामान लादून मी पहाटे निघालो आणि खानापूरच्या पुढं एका गावाखाली नदीत उतरलो. पुस्तकी ज्ञान पक्कं होतं. रुंद टायर, हवा कमी, हँडल सैल धरायचं, ब्रेक मारायचा नाही, पाय थांबवायचे नाहीत. हवा सोडून १५ पीएसआयवर आणली आणि निघालो. चार पायडल झकास गेली. पाचव्याला पुढचं चाक तिथंच बसलं, सायकल थांबली आणि मी पुढं गेलो.

उठलो, तोंडातली वाळू थुंकली आणि चाक किती रुतलं ते बघायला खिशातली फूटपट्टी काढली. साडेतीन इंच. वहीत लिहिलं. हवा आणखी सोडली, दुसरीकडं गेलो, पुन्हा पडलो, पुन्हा मोजलं. असं चार ठिकाणी झाल्यावर मान वर केली तर काठावर पाच-सहा माणसं उभी.

त्यातला लुंगीवाला पुढं आला. "एन्री साहेबर, उसुक नोडाक बंदीरेन्री?" वाळू बघायला आलात काय, असं विचारत होता. वाळू बघतच होतो, म्हणून मी "हौद्री" म्हणून मोकळा झालो. तिथंच चुकलं. काठावर एकदम कुजबुज सुरू झाली. लुंगीवाला मराठीवर आला. "साहेब, त्या वरच्या अंगाला टॅक्टर हाय न्हवं, त्यो आमचा न्हाई हां."

ट्रॅक्टर मी बघितलाही नव्हता.

"आमी रातचं नदीत येतच न्हाई," दुसऱ्यानं न विचारता सांगितलं. तिसरा तोपर्यंत चहा आणायला पळाला होता. आता इतक्या लोकांचा जीव टांगणीला लावणं बरं नव्हे, म्हणून मी खरं काय ते सांगितलं. मी सरकारी नाही. मी राजस्थानच्या वाळवंटात सायकल चालवायला जाणार आहे, त्याची प्रॅक्टिस करतोय.

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग लुंगीवाल्यानं खांद्यावर हात ठेवला. "घरात समदं बरं हाय न्हवं?"

चहा मात्र मिळाला.

निघायच्या आदल्या रात्री सगळं सामान पलंगावर मांडलं. ज्याच्या बरोबर जायचं तो निपाणीचा मित्र दुपारीच फोनवर म्हणाला होता, "माझं झालं गा पॅकिंग. दोन टी-शर्ट घेतल्यात. तंबू तुझाच हाय न्हवं? पंप? कुलूप?" असे मित्र मुळातच हलके असतात. माझी यादी मात्र तीन पानी. जास्तीचं सीलंट, कारण उन्हात ते लवकर आटतं. चेनला कोरडं मेणाचं वंगण, कारण पावसाळ्यातलं आपलं ओलं तेल लावलं तर सगळी वाळू चेनवर येऊन बसते. तंबूसाठी खुंट्या नाहीत! वाळूत खुंटी धरत नाही. त्याऐवजी पिशवीत वाळू भरायची, दोरी बांधायची आणि पिशवी पुरून टाकायची. त्यासाठी खडेबाजारातल्या साडीच्या दुकानाच्या सहा कापडी पिशव्या घेतल्या. लग्नाच्या बस्त्याच्या.

तेवढ्यात आई स्वेटर घेऊन आली. तिनं स्वतः विणलेला, माझ्या कॉलेजच्या वेळचा, बाटलीहिरवा. मी समजावून सांगितलं, माझ्याकडं २९० ग्रॅमचं जाकीट आहे, मुठीत मावतं. आईनं जाकीट हातात घेऊन दाबलं. "ह्यात काय हाय? वारा?" स्वेटर ८५० ग्रॅम भरला. त्यात गुंडाळून ओवा, सुंठ, अमृतांजन आणि कानटोपी. "रात्री थंडी असतीय, तूच सांगितलास." सांगितलं होतं. माणसानं घरात हवामान सांगू नये.

मग धपाटे आले, शेंगदाण्याची चटणी आली, आणि साडेनवाला शेजारच्या काकू आल्या. हातात मिठाईचे दोन खोके.

"जैसलमेरला चाललास म्हणे. आमचा थोरला तिकडंच हाय की."

मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आमच्या गावात, त्यामुळं ज्या गल्लीत फौजी नाही ती गल्ली बेळगावची नव्हे. "तेवढा दोन किलो कुंदा पोचव. मागच्या खेपेला सुट्टी मिळाली न्हाई त्याला."

"काकू, जैसलमेरात कुठं?"

"ते सांगत न्हाईत रे मिलिटरीत. पण तू मराठा रेजिमेंटचा पोरगा म्हणून विचार की, कुणीबी सांगतंय."

जैसलमेर जिल्हा ३८ हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे. दहा गोवे बसतात त्यात. बेळगाव जिल्हा एवढा मोठा म्हणतात, तोही जवळजवळ तीनदा बसेल. हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. पण काकूंनी खोक्यावर पोराचं नाव बॉलपेननं लिहिलं होतं आणि खाली 'गरम करून खाणे' अशी सूचना. मी खोके घेतले.

रात्री बारापर्यंत खोके कुठंच बसेनात. चौकोनी खोका आणि त्रिकोणी बॅग. शेवटी बायको उठून आली. तिनं खोके उघडले, कुंदा जाड प्लास्टिकच्या पिशवीत काढला आणि फ्रेम बॅगच्या कोपऱ्यात अंगठ्यानं दाबत दाबत बसवला. कुंद्याला स्वतःचा आकार नसतो, हे मला चाळीस वर्षं खाऊन कळलं नव्हतं. दोन मिनिटांत तपकिरी, तुपकट, नेटका त्रिकोण तयार. नाव लिहिलेला पुठ्ठा तिनं कापून आत सरकवला. तिथं ठरलेली टायटॅनियमची पातेली बाहेर राहिली. अर्धा ब्रश मात्र आत होता.

सकाळी स्टेशनवर पार्सल ऑफिसात सायकल नेली. पोत्यात शिवलेली, हँडल वाकडं केलेलं, एखाद्या आजारी वासरासारखी. काट्यावर चढवली. मी आकड्याकडं बघितलं नाही.

"टाकीत पेट्रोल न्हाई न्हवं?" कारकुनानं सवयीनं विचारलं.

"सायकल आहे हो."

"मग येवढं वजन?"

मी दोन्ही हातांनी सायकल सावरून धरली होती, म्हणून फॉर्म बायको भरत होती. तिचं अक्षरही बरं. कुठून या रकान्यात तिनं बेळगावी लिहिलं. तोंडात बेळगाव असलं तरी २०१४ पासून कागदावर ते असंच लिहायचं असतं. कुठं, जोधपूर. नग, एक. मग पेन थांबलं.

"किंमत लिहायची आहे. अठरा हजार ना?"

"खरी लिव्हा हां, बाई," कारकून आतून म्हणाला. "हरवली-मोडली तर लिव्हलेली तेवढीच मिळतीय."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी पोत्याकडं. पोत्यातून तुपाचा बारीक वास येत होता. मागं रांगेत आणखी तीन माणसं होती. गाडीला अजून ४० मिनिटं होती.

मी सांगितलं.

तिनं आकडा आधी अंकात लिहिला. मग अक्षरात. अक्षरात लिहायला तिला बराच वेळ लागला, कारण प्रत्येक शब्द ती मला दोनदा विचारत होती.