हात आवरायला सांगणाऱ्यांनो

आज मामेबहिणीचा फोन आला, रडतच. तिचा मुलगा दीड वर्षाचा, जन्मापासून कर्णबधिर. थेरपीच्या बाईंनी तिला दम भरलाय, "घरात खुणा अजिबात नकोत, नाहीतर तो बोलायचा आळस करेल." म्हणजे आईने लेकराला 'ये' म्हणून हातही करायचा नाही! डोकं फिरलंय माझं.

आमच्या मजल्यावर एक कर्णबधिर जोडपं राहतं. मुलगीही कर्णबधिर. आठ-नऊ महिन्यांची असताना ती पडल्या पडल्या तीच ती बोटं ठेक्यात मिटायची, उघडायची. आपली बाळं 'बाबाबा' करतात, अगदी तसंच. पेटिटो आणि मॅरेन्टेट या संशोधकांनी १९९१ मध्ये हेच लिहून ठेवलंय की खुणांच्या घरातली बाळं हातांनी बडबडतात. वर्षाची होताना तिची पहिली खूण आली, दूध. दोन वर्षांची व्हायच्या आत 'दूध अजून'. बोलणारी मुलं यापेक्षा वेगळं काय करतात?

बोबडेपणाही तोच! अवघड खुणेला बोटं वळायची नाहीत, मग सरळ मूठ. आणि मध्यंतरी तर 'मी' म्हणायला समोरच्याकडेच बोट करायची. नुसतं बोट दाखवायचं, त्यात चुकण्यासारखं काय? पण तिच्यासाठी तो शब्द होता, आणि बोलणारी मुलंही 'मी'-'तू'ची अदलाबदल करतातच की. याला नुसते हातवारे म्हणायचं?

कॉक्लिअर इम्प्लांटनंतर, म्हणजे ऐकू यावं म्हणून ऑपरेशन करून कानात यंत्र बसवल्यावर, कितीतरी मुलं छान बोलतात, मान्य. पण ऑपरेशन, मग ऐकायला शिकणं, मग बोलणं. तोवर पोराने भाषेविना बसून राहायचं? १८८० मध्ये इटलीतल्या मिलानला भरलेल्या कर्णबधिरांच्या शिक्षकांच्या परिषदेने शाळांमधून खुणा हाकलल्या, ते खूळ अजून उतरत नाही.

बहिणीवर मात्र राग नाही. बिचारीला खुणा येतच नाहीत, त्यात वर ही भीती. बहुतेक कर्णबधिर मुलं अशा ऐकणाऱ्या घरांतच जन्मतात. तिला मी शेजारणीचं सांगितलं. ती बाळाने बघेपर्यंत थांबायची, मग खूण सावकाश, मोठी करायची, कधी बाळाच्या गालावरच. आपणही तान्ह्याशी लाडात हेल काढून बोलतो ना? बहीण म्हणाली, "एवढं तर मला जमेल गं."

नाशिकमध्ये आईवडिलांना भारतीय सांकेतिक भाषा शिकवणारं, शक्यतो स्वतः कर्णबधिर असलेलं कुणी माहीत असेल तर इनबॉक्स करा. दोघंही शिकणार आहेत. भाऊजींना रविवारच जमेल.