लिओनार्दो दिवसाला दोनच तास झोपायचा, हे कुणी पाहिलं?

परवा रात्री दोनला भाचीच्या खोलीतून गजर वाजायला लागला, तो काही थांबेना. ती अकरावीत आहे, नीटच्या तयारीसाठी आमच्याकडे राहते. जाऊन बघते तर पोरगी टेबलावर डोकं टाकून झोपलेली, गालाखाली जीवशास्त्राचं पुस्तक, पानाचा कोपरा लाळेने ओला. फोनवर दर चार तासांनी एक असे सहा गजर. सकाळी विचारलं तर म्हणाली, "मावशी, लिओनार्दो असाच झोपायचा."

मग तिने मेसेज दाखवला. तिच्या क्लासच्या ग्रुपवर आलेला, आणि आमच्या घरच्या ग्रुपवरही तीनदा फिरून गेलेला. त्यात लिओनार्दो दा विंचीबद्दल चार दावे आहेत: तो दर चार तासांनी फक्त २० मिनिटं झोपायचा, शाळा नाही, गुरू नाही, तरी सगळं शिकला, चर्चच्या भीतीने उलट्या अक्षरांत लिहायचा आणि चोरून प्रेतं कापायचा, आणि हेलिकॉप्टर, रणगाडा, पॅराशूट त्यानेच शोधले.

झोपेचा मुद्दा आधी घेते, कारण त्याने आमच्या घरात नुकसान केलंय. सहा वेळा २० मिनिटं म्हणजे दिवसाला दोन तास. लिओनार्दो वारला १५१९ मध्ये. जॉर्जो वासारीने त्याचं चरित्र छापलं १५५० मध्ये. लिओनार्दोच्या नवलाच्या गोष्टी वासारी हौसेने सांगतो, पण ही त्यात नाही. उलट त्याला काम करताना स्वतः पाहिलेला माणूस आहे, मात्तेओ बांदेल्लो. मिलानमधल्या ज्या मठात लिओनार्दो 'शेवटचं भोजन' हे भित्तिचित्र रंगवत होता, तिथे बांदेल्लोचा काका मठाधिपती होता. बांदेल्लो लिहितो की लिओनार्दो पहाटे मचाणावर चढायचा आणि सूर्य उगवल्यापासून अंधार पडेपर्यंत हातातला ब्रश खाली ठेवायचा नाही, खाण्यापिण्याचीही शुद्ध नसायची. नंतर तीन-चार दिवस ब्रशला हात लावायचा नाही, पण रोज तास-दोन तास चित्रासमोर उभा राहून नुसता बघत राहायचा. दर चार तासांनी डुलकी काढणारा माणूस यात कुठे बसतो?

त्याचं स्वतःचं वाक्य वहीत आहे: चांगल्या घालवलेल्या दिवसाने जशी सुखाची झोप येते, तसं चांगल्या वापरलेल्या आयुष्याने सुखाचं मरण येतं. झोप मरणासारखी असते, म्हणून मेल्यावरही उरेल असं काम करा, असंही त्याने लिहिलंय, हे मान्य करते. पण तो आळसावर बोलत होता, त्यात वेळापत्रक कुठेच नाही. चित्रकारांना तर त्याचा सल्ला होता की रात्री अंथरुणात पडल्यावर, झोप लागण्याआधी, दिवसा अभ्यासलेले आकार मनात पुन्हा फिरवावेत. भाचीला मी हेच करायला सांगितलंय. तिच्या वयाला आठ ते दहा तास झोप लागते आणि वाचलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेतच. मी स्वतः जीवशास्त्र शिकवते, आणि वर्गात पेंगणारी मुलं मला रोज दिसतात.

शाळेचा मुद्दा अर्धा खरा आहे. तो लॅटिन शाळेत गेला नव्हता, स्वतःला 'अक्षरं नसलेला माणूस' म्हणवायचा. पण गुरू नव्हता म्हणणं साफ चूक. फ्लॉरेन्सला वेरोक्क्यो या चित्रकार-शिल्पकाराच्या कार्यशाळेत तो कित्येक वर्षं शिकला. पुढे मिलानला लुका पाचोलीकडून गणित शिकला आणि पाचोलीच्या पुस्तकासाठी घनाकृतींची चित्रं काढली. पुढे मोठेपणी लॅटिन शब्दांच्या याद्या करत बसला. त्याच्या एका वहीत स्वतःच्या ११६ पुस्तकांची यादी आहे.

चोरून प्रेतं कापण्याचं वाचून मला सगळ्यात वाईट वाटलं, कारण खरी हकिकत फार वेगळी आहे. १५०७-०८ च्या हिवाळ्यात फ्लॉरेन्सच्या सान्ता मारिया नुओवा इस्पितळात तो एका म्हाताऱ्याशी बोलत बसला होता. म्हातारा म्हणाला, वय शंभराच्या वर आहे, अशक्तपणा सोडला तर काही दुखत नाही. काही तासांनी तो पलंगावर बसल्या बसल्याच शांतपणे गेला. इतकं गोड मरण कशाने आलं हे बघायला लिओनार्दोने त्याचं शवविच्छेदन केलं. हृदयाला रक्त पुरवणारी धमनी आक्रसून सुकलेली दिसली, आणि तसं त्याने लिहून ठेवलं. धमन्या कठीण होण्याच्या आजाराचं इतकं जुनं वर्णन मला दुसरं माहीत नाही. यात चोरी कुठे आहे? इटलीत विच्छेदन चौदाव्या शतकापासून विद्यापीठात शिकवलं जात होतं. एवढं खरं, की पुढे रोममध्ये एका माणसाने कागाळी केली आणि पोपकडून लिओनार्दोचं विच्छेदनाचं काम बंद झालं. उलट्या अक्षरांचं म्हणाल तर तो डावखुरा होता, उजवीकडून डावीकडे लिहिलं की शाई फासत नाही. आणि आरसा धरून कुणीही वाचेल अशा लिपीत गुपित काय राहणार?

हेलिकॉप्टरवर वेळ घालवत नाही. ते कापडाचं मळसूत्र होतं, माणसांनी दांडे ढकलून फिरवायचं. उडण्याइतकी ताकद त्यात येणंच शक्य नव्हतं. पॅराशूट मात्र चाललं: २००० साली एड्रियन निकोलसने त्याच्या चित्रावरून बनवून उडी मारली, शेवटचा टप्पा मात्र आधुनिक पॅराशूटने उतरला.

मेसेजमध्ये जे यायला हवं होतं ते आलंच नाही. अकरावीच्या पुस्तकात महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून रक्त बाहेर नेणाऱ्या मोठ्या धमनीच्या, तोंडाशी अर्धचंद्राकृती झडपा आहेत. त्या मिटतात कशा, हे लिओनार्दोने बैलाच्या हृदयावर शोधलं. महाधमनीच्या मुळाचा साचा घ्यायचा, त्यावरून काचेची प्रतिकृती करायची आणि पाण्यात गवताचं बी सोडून प्रवाह बघायचा, अशा त्याच्या नोंदी आहेत. झडपेमागच्या फुगवट्यात रक्ताचे भोवरे होतात आणि ते झडपेच्या पाकळ्या मिटायला मदत करतात, हा त्याचा निष्कर्ष. विसाव्या शतकातल्या प्रयोगांनी तो खरा ठरवला. त्याने मात्र तो छापला नाही, म्हणून शेकडो वर्षं कुणाच्या उपयोगी पडला नाही.

हे मी भाचीला काल वाटीत पाणी आणि राजगिरा घेऊन, चमचा फिरवून दाखवलं. गजर तिने स्वतःच काढले. ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवलाय त्यांनी त्याच ग्रुपवर एवढं टाका: झोपेचा मुद्दा खोटा आहे, पोरांनो, रात्री झोपा.